कागद नसलेला मजूर आणि मजुरीचा भाव : अमेरिकेतील एका प्रश्नाचा इतिहास

काही महिन्यांपूर्वी एका अभ्यासवर्गात अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चळवळीवर बोलून झाल्यावर एका तरुण मित्राने प्रश्न विचारला. लॉस एंजेलिस शहरातल्या मोठमोठ्या कचेऱ्यांची झाडलोट करणारे काळे कामगार १९८० नंतरच्या चार-पाच वर्षांत कामावरून गेले आणि त्यांच्या जागी मेक्सिको, एल साल्वादोर, ग्वातेमाला या देशांतून कागदपत्रांशिवाय आलेले मजूर कितीतरी कमी पैशांत लागले, असे त्याच्या वाचनात आले होते. "सर, काळ्या माणसाची भाकरी मेक्सिकन माणसाने खाल्ली, हे खरे की खोटे?" एवढेच त्याला हवे होते. वर्गातले दोघे-तिघे त्याच्यावर तुटून पडले. शोषित कधी शोषिताची भाकरी खात नसतो, असे एकाने ऐकवले. मला ते उत्तर पटले नाही. घोषणेने प्रश्न सुटत नाही, फक्त विचारणारा गप्प बसतो. आणि झाडू ज्याच्या हातून काढून घेतला जातो त्या माणसाचे दुःख आपण तरी असे उडवून लावू नये. म्हणून त्या दिवशी अपुरे राहिलेले उत्तर येथे सविस्तर मांडतो आहे.

आधी शब्दाविषयी. या मजुराला तिकडची वर्तमानपत्रे अनेक वर्षे 'बेकायदा परका' म्हणत आली. कृत्य बेकायदा असू शकते, सबंध माणूस बेकायदा कसा असेल? त्याहून जुनी शिवी म्हणजे 'ओल्या पाठीचा'. रिओ ग्रांदे ही दोन देशांमधली नदी पोहून आलेला, म्हणून पाठ ओली. ही शिवी रस्त्यावर राहिली नाही. १९५४ साली अमेरिकी सरकारने या मजुरांना हुसकावण्याची जी मोहीम काढली तिला अधिकृत नावच या शिवीचे दिले. जातीचे नाव सरकारी दप्तरात शिवी म्हणून कसे चढते हे आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. मी या लेखात 'कागद नसलेला मजूर' असे म्हणणार आहे, कारण त्याच्यात आणि शेजारच्या मजुरात फरक आहे तो तेवढाच.

कमी मजुरीवर येऊन दुसऱ्याचा संप मोडणारा ही भूमिका अमेरिकेत पहिल्यांदा मेक्सिकन मजुराच्या वाट्याला आलेली नाही. तिच्यात काळ्या मजुराला उभे करण्यात आले होते. १९१९ च्या मोठ्या पोलाद-संपात मालकांनी तीस हजारांच्या वर काळे मजूर कारखान्यांत आणले. गोऱ्यांच्या कितीतरी संघटनांनी त्यांना सभासदत्वच नाकारले होते. ज्या संघटनेचे दार आपल्याला बंद, तिचा संप आपला कसा, असा त्यांचा रोकडा हिशेब होता. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला शिरकाव नव्हता. तुटलेला धागा तोंडाने ओला करावा लागे, त्याने विटाळ होई. आणि चांगला पगार नेमका त्याच खात्यात होता. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना हाच प्रश्न विचारला होता, हे या नियतकालिकाचे वाचक जाणतात. संप मोडणारा कोण, हे विचारण्याआधी त्याला संघटनेबाहेर कोणी ठेवले, हे विचारावे लागते.

तरीही काळ्या पुढाऱ्यांची परदेशी मजुराविषयीची तक्रार जुनी आहे आणि ती निव्वळ गैरसमजातून आलेली नाही. १८९५ साली अटलांटा येथील भाषणात बुकर टी. वॉशिंग्टन यांनी दक्षिणेतल्या गोऱ्या धनिकांना विनविले की, परदेशातून येणाऱ्यांकडे पाहू नका, ज्यांनी तुमची शेते संपाविना कसली त्या आम्हाला काम द्या. त्या विनवणीतला 'संपाविना' हा शब्द आज टोचतो. १९२४ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांनी, म्हणजे ज्यांनी पुढे रेल्वेच्या काळ्या कामगारांची संघटना लढाऊ केली त्यांनी, आपल्या मासिकात परदेशी मजुरांचा लोंढा पुरता थांबवा अशी मागणी केली. वेस्ट इंडीजमधले काळे बांधवही त्यांनी त्यातून वगळले नाहीत. युद्धकाळात युरोपातून माणसे येणे थांबले तेव्हाच उत्तरेतल्या कारखान्यांची दारे काळ्यांना उघडली होती, हा त्यांचा अनुभव होता. तेव्हा आपल्या मित्राचा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीचा आहे आणि तो विचारणारे लहान माणसे नव्हते.

आता कायद्याकडे वळू. मला वाटते, या सगळ्या इतिहासाची किल्ली १९३५ ते १९३८ या तीन वर्षांत आहे. अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत अमेरिकी कामगाराला संघटनेचा हक्क (१९३५), म्हातारपणाची तरतूद (१९३५) आणि किमान वेतन (१९३८) मिळाले. हे आपल्याकडच्या पुस्तकांतही असते. पुस्तकांत सहसा नसते ते असे की, तिन्ही कायद्यांतून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले. दक्षिणेतल्या काळ्या माणसाच्या हाती तेव्हा याच दोन कामांखेरीज फारसे काही नव्हते, आणि दक्षिणेतल्या जमीनदारांच्या मतांवाचून कायदा मंजूर होत नव्हता. 'काळा' हा शब्द कायद्यात कोठेही लिहावा लागला नाही. १९३५ साली चार्ल्स ह्यूस्टन या काळ्या वकिलांनी संसदीय समितीपुढे सांगितले की, हे विधेयक म्हणजे चाळणी आहे आणि तिची भोके बहुसंख्य काळे खाली गळून जातील एवढीच मोठी ठेवली आहेत. किमान वेतन शेतमजुरापर्यंत पोचायला १९६६ ची दुरुस्ती यावी लागली. संघटनेच्या हक्काचा तो राष्ट्रीय कायदा तर आजही शेतमजुराला आपल्या कक्षेत घेत नाही.

शेत अशा रीतीने कायद्याबाहेर राहिले. काळ्या माणसासाठी उघडे ठेवलेल्या त्या भगदाडातून पुढे मेक्सिकन मजूर आत आणला गेला.

दुसऱ्या महायुद्धात मजूर कमी पडतात म्हणून ऑगस्ट १९४२ मध्ये अमेरिका आणि मेक्सिको या सरकारांत करार झाला. ठराविक मुदतीसाठी मेक्सिकन पुरुष मजूर आणायचे, चालू दराने मजुरी द्यायची, राहायची सोय करायची, मुदत संपली की परत धाडायचे. या मजुरांना 'ब्रासेरो' म्हणत. ब्रासो म्हणजे हात, दंड. नावातच माणसाचे फक्त हात मागितलेले आहेत. युद्ध संपले तरी योजना संपली नाही, ती १९६४ अखेर चालली आणि तिच्याखाली पंचेचाळीस लाखांच्या आसपास करार झाले. सीमेवरच्या ठाण्यात मजुरांना उघडे करून त्यांच्या अंगावर डीडीटीची भुकटी फवारीत. युद्धकाळातल्या मजुरांच्या पगारातून शेकडा दहा रक्कम बचत म्हणून कापून घेतली गेली. ती असंख्य मजुरांच्या हाती कधीच पडली नाही आणि तिच्यासाठी एकविसाव्या शतकात म्हाताऱ्या ब्रासेरोंना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

पण हे झाले कागद असलेले. त्यांच्याच शेजारी कागद नसलेले मजूर राबत होते, आणि या दोघांतली सीमा मालकाच्या सोयीने कशी सरकत असे हे पाहण्यासारखे आहे. १९४७ ते १९४९ या काळात अमेरिकी अधिकारी शेतांवर सापडलेल्या कागद नसलेल्या मजुरांना सीमेवर नेत, कागद हातात देत आणि त्याच मालकाकडे परत आणीत. या विधीला सरकारी बोलीत 'ओल्यांना सुकवणे' असे नाव होते. अध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने १९५१ साली जाहीर केले की, त्या तीन वर्षांत मेक्सिकोतून रीतसर करार करून आणलेले मजूर सुमारे ७४ हजार सहाशे, तर अशा रीतीने 'सुकवून' घेतलेले १ लाख ४२ हजारांच्या वर. म्हणजे सरळ मार्गाने येणाऱ्याला रांग, आणि नदी पोहून येणाऱ्याला काम. मेक्सिकोतल्या गरीब शेतकऱ्याने यातून काय शिकायचे?

ऑक्टोबर १९४८ मधला एल पासोचा प्रसंग तर अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवावा असा आहे. कापूस वेचणीचा हंगाम. मेक्सिकोचे सरकार शंभर पौंड वेचणीला तीन डॉलर मागत होते, टेक्सासचे शेतमालक अडीचच्या वर जाईनात. वाटाघाटी अडल्या. मग अमेरिकी अधिकाऱ्यांनीच सीमा उघडली. काही हजार माणसे पुलावरून आणि नदीतून अलीकडे आली, त्यांना नावापुरती अटक झाली आणि तिथल्या तिथे मालकांच्या ट्रकांत चढवले गेले. मेक्सिकोने चिडून करार रद्द केला, पण कापूस मालकांच्याच भावाने वेचून झाला होता. मागणी-पुरवठ्याचा सिद्धान्त मला मान्य आहे. फक्त पुरवठ्याचा नळ कोणाच्या हातात होता, तेही त्या सिद्धान्ताने सांगावे.

१९५२ साली कागद नसलेल्या माणसाला आसरा देणे हा गुन्हा ठरला. टेक्सासच्या प्रतिनिधींनी त्याच कायद्यात एक कलम घालून घेतले : अशा माणसाला कामावर ठेवणे म्हणजे आसरा देणे नव्हे. म्हणजे मजूर गुन्हेगार, त्याला भाकरी देणारा शेजारी गुन्हेगार, त्याच्याकडून काम करून घेणारा मालक तेवढा निर्दोष. ही सवलत १९८६ पर्यंत, चौतीस वर्षे टिकली. आणि १९५४ ची ती शिवीच्या नावाची मोहीम जेव्हा निघाली, दहा लाखांच्या वर माणसे गेली असे सरकारने सांगितले (हा आकडा फुगवलेला होता असे इतिहासकारांचे मत आहे), तेव्हा शेते ओस पडली नाहीत. ब्रासेरोंची संख्या वाढवून १९५६ पर्यंत वर्षाला सव्वाचार लाखांच्या वर नेली गेली. एका हाताने हाकलायचे आणि दुसऱ्या हाताने बोलवायचे. मजूर तोच, फक्त तो आता करारबद्ध होता, मालक बदलण्याची त्याला मुभा नव्हती आणि भांडला तर परतीची गाडी तयार होती.

मजुराला हाकलल्याने मागे राहिलेल्याची मजुरी वाढते का? हा प्रश्न आता अंदाजाचा राहिलेला नाही. हा प्रयोग अमेरिकेने एकदा नव्हे, दोनदा केला. पहिला १९३० च्या मंदीत. लाखो मेक्सिकन माणसे, ज्यांत अमेरिकेत जन्मलेली, अमेरिकेचे रीतसर नागरिक असलेली मुलेबाळेही होती, आगगाड्यांत घालून सीमेपार धाडली गेली. १९३० आणि १९४० च्या शिरगणतीचे कागद अलीकडे अर्थशास्त्रज्ञांनी तपासले. ज्या शहरांतून अधिक माणसे घालवली गेली तेथे मागे राहिलेल्यांना काम किंवा मजुरी अधिक मिळाल्याचे दिसले नाही. उलट काही ठिकाणी बिघाडच झाला, कारण हमाल गेला की त्याच्या कामावर अवलंबून असलेला कारकूनही जातो. दुसरा प्रयोग १९६४ अखेरचा. ब्रासेरो योजना बंद झाली, आता देशी शेतमजुराला चांगले दिवस येणार अशी सरकारची आणि कामगार संघटनांची खात्री होती. २०१८ साली तीन संशोधकांनी राज्यवार आकडे मांडून दाखवले की, जेथे ब्रासेरो पुष्कळ होते आणि जेथे मुळीच नव्हते तेथील मजुरीत या बंदीने काही वेगळा फरक पडला नाही. मालकांनी मजुरी वाढवली नाही, यंत्र आणले. टोमॅटो तोडण्याचे यंत्र कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठात तयार होतेच आणि त्यासाठी जाड सालीचा टोमॅटोही निपजवला होता. १९६४ मध्ये कारखान्यांना जाणाऱ्या टोमॅटोपैकी अगदी थोडा हिस्सा यंत्राने निघे. पाच-सहा वर्षांत जवळजवळ सगळा निघू लागला. जेथे यंत्र चालत नव्हते तेथे काही पिकेच कमी झाली.

मात्र येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे, नाहीतर माझ्यावर एकांगीपणाचा आरोप येईल. ब्रासेरो गेल्यामुळे मजुरी आपोआप वाढली नाही हे खरे, पण संप करणे शक्य झाले हेही खरे. सप्टेंबर १९६५ मध्ये डेलानोच्या द्राक्षमळ्यांत लॅरी इटलिआँग यांच्या नेतृत्वाखाली फिलिपिनो मजुरांनी ताशी १ डॉलर ४० सेंट मागत काम थांबवले. आठवडाभरात सीझर चावेझ आणि डोलोरेस वेर्ता यांची मेक्सिकन मजुरांची संघटना त्यांना मिळाली. संप मोडायला सरकारने आणलेले करारबद्ध मजूर आता नव्हते. तरीही पाच वर्षे लागली. देशभर लोकांनी द्राक्षे खाणे सोडले तेव्हा कोठे जुलै १९७० मध्ये मालकांनी करारावर सह्या केल्या आणि दर ताशी १ डॉलर ८० सेंट झाला. १९७५ साली कॅलिफोर्नियाने शेतमजुरांना संघटनेचा हक्क देणारा स्वतःचा कायदा केला. त्याच वर्षी तिथे आखूड दांड्याच्या खुरप्यावर बंदी आली. त्या खुरप्याने दिवसभर कंबर मोडून वाकावे लागे, आणि मजूर ताठ उभा दिसला की तो काम करीत नाही हे मुकादमाला लांबूनच कळे.

याच संघटनेच्या इतिहासातले एक पान मात्र वाचताना मान खाली जाते. मालक संप मोडायला कागद नसलेले मजूर आणीत, हे खरे होते. १९७४ मध्ये चावेझ यांच्या संघटनेने अशा मजुरांची नावे-ठिकाणे सरकारला कळवण्याची मोहीमच उघडली. ॲरिझोनात युमाजवळ लिंबांच्या मळ्यांत संप चालू होता. तेथे चावेझ यांच्या चुलतभावाच्या देखरेखीखाली सीमेवर तंबू ठोकून संघटनेची माणसे पहाऱ्याला बसली. नदी ओलांडून येणाऱ्यांना अडवले गेले, मारझोड झाली. मेक्सिकन वंशाच्याच अनेक कार्यकर्त्यांनी याचा निषेध केला. मी चावेझ यांचे मोठेपण नाकारत नाही. आपल्या देशातही त्यांचा फोटो भिंतीवर लावणारे कार्यकर्ते मी पाहिले आहेत. पण लढाऊ माणूसही मालकाने आखलेल्या रेषेवर पहारा देऊ लागतो, हे आपण उघड्या डोळ्यांनी वाचले पाहिजे. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियाचा कायदा आला तेव्हा मतदानाचा हक्क शेतात राबणाऱ्या प्रत्येकाला मिळाला, कागद असो वा नसो, आणि हीच संघटना त्याच मजुरांकडे मते मागायला गेली. इतकेच नव्हे, त्याच ॲरिझोनात ऑक्टोबर १९७७ मध्ये फिनिक्सजवळच्या ॲरोहेड रँचवर कागद नसलेल्या मजुरांनीच संप केला. संत्र्यांच्या झाडांखाली झोपणारी ही माणसे. त्या मळ्याच्या मालकांत सिनेटर गोल्डवॉटर यांचे भाऊ होते. कागद नसलेला माणूस संप करू शकत नाही, ही समजूत तेथे मोडली.

विद्वानांच्या वादाविषयी थोडे सांगतो, कारण विद्यार्थ्यांना ते वाचावे लागते. १९८० साली क्यूबाच्या मारिएल बंदरातून काही महिन्यांत सव्वा लाख माणसे फ्लोरिडात उतरली, बहुतेक मायामीतच राहिली. शहरातले कामकरी एकदम शेकडा सातने वाढले. डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये दाखवले की तेथल्या मजुरीवर याचा परिणाम जवळजवळ दिसत नाही. जॉर्ज बोर्हास (हे स्वतः लहानपणी क्यूबातून आलेले) यांनी २०१७ मध्ये तेच आकडे पुन्हा चाळले आणि शाळा पुरी न केलेल्या पुरुषांची मजुरी मोठ्या प्रमाणात पडली असे म्हटले. मग आणखी दोघांनी लक्ष वेधले की, नेमक्या त्याच सुमारास सरकारी पाहणीत काळ्या पुरुषांचे प्रमाण अचानक वाढले होते, कारण पूर्वी त्यांची मोजदादच नीट होत नव्हती. कमी मिळकतीची माणसे नव्याने मोजली गेली की सरासरी खाली येणारच. म्हणजे 'घसरणी'चा काही भाग तरी काळ्या माणसाच्या आधीच्या, न मोजलेल्या दारिद्र्याचा होता. २०१६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या मंडळाने सर्व अभ्यास एकत्र करून असे म्हटले की, एकूण मजुरीवर परिणाम अल्प आहे; झळ लागते ती मुख्यतः आधी आलेल्या स्थलांतरितांना आणि शाळा पुरी न केलेल्यांना. हे शेवटचे वाक्य सोडून देता येणार नाही. झळ थोडी असेल, पण ती तळाच्याच माणसाला लागते. आणि एक : मारिएलच्या माणसांना काम करण्याचा परवाना मिळाला होता. त्यांना पकडून देण्याची भीती मालक दाखवू शकत नव्हता.

ही भीती म्हणजे काय? शिकागोतल्या एका चामड्याच्या छोट्या कारखान्यात कामगारांनी डिसेंबर १९७६ मध्ये संघटनेच्या बाजूने कौल दिला. दोन महिन्यांत मालकाने स्थलांतर खात्याला पत्र लिहून आपल्याच कामगारांचे कागद तपासायला लावले. पाच जण पकडले गेले आणि दिवस मावळायच्या आत मेक्सिकोच्या बसमध्ये बसले. आधी इतकी वर्षे मालकाला त्यांच्या कागदांची आठवण झाली नव्हती. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, हेही कायद्याच्या अर्थाने कामगारच आहेत, मालकाचे वागणे चूक. पण जे देशात हजर नाहीत त्यांना बुडालेला पगार मिळणार नाही. २००२ साली हॉफमन प्लास्टिकच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालय आणखी पुढे गेले. संघटनेसाठी काम केले म्हणून बेकायदा काढलेल्या मजुराला, त्याच्यापाशी कागद नसेल तर, सुमारे ६७ हजार डॉलरांचा बुडालेला पगार नाकारला गेला. याचा बाजारातला अर्थ सरळ आहे. कागद असलेल्याला संघटनेसाठी काढले तर मालकाला भरपाई द्यावी लागते. कागद नसलेल्याला काढले तर नाही. मग मालक कोणाला ठेवील? हा मजूर स्वस्त जन्माला येत नाही, त्याला न्यायालयाच्या निकालाने स्वस्त केले जाते.

१९८६ च्या कायद्याने एकीकडे सत्तावीस लाखांच्या आसपास माणसांना कागद दिले. त्यांची मजुरी पुढच्या काही वर्षांत शेकडा सहाच्या आसपास वाढली, माणूस तोच, हात तेच. दुसरीकडे कागद न पाहता कामावर ठेवणाऱ्या मालकाला दंड सांगितला. कामगार महासंघानेही या दंडाला पाठिंबा दिला होता. मालकांनी मध्ये मुकादम घातला. मजूर मुकादमाचा, कागद तपासायचे मुकादमाने, सापडला तर दंड मुकादमाला, आणि मुकादमाचा वाटा मजुराच्या मजुरीतून. आज अमेरिकी पीकशेतीतल्या मजुरांपैकी सुमारे चाळीस टक्के कागद नसलेले आहेत. २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या शेतांवर धाडी पडल्या, स्ट्रॉबेरीच्या मळ्यांतून माणसे पळाली. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात सरकारने करारावर आणायच्या हंगामी परदेशी शेतमजुरांचा किमान दर ठरवण्याची रीत बदलून तो दर खाली आणला. ज्याने १९५४ ची हकीकत वाचली आहे त्याला याचे नवल वाटणार नाही.

आता लॉस एंजेलिसचा झाडू. १९७० च्या दशकात तेथील उंच इमारतींची सफाई करणारे कामगार मोठ्या प्रमाणावर काळे होते, संघटित होते, आजारपणाची सोय असलेली ती बऱ्यापैकी नोकरी होती. अमेरिकी संसदेच्या हिशेबतपासणी कार्यालयाने १९८८ साली दिलेल्या अहवालात संघटनेतल्या काळ्या सफाई कामगारांची संख्या १९७७ मध्ये २,५०० होती ती १९८५ मध्ये ६०० वर आल्याचे नमूद आहे. ताशी सात डॉलरांच्या घरातला दर चार-पाच डॉलरांवर आला. माझ्या तरुण मित्राचे वाचन चुकलेले नव्हते. भाकरी गेली होती.

पण ती कशी गेली? इमारतीचा मालक स्वतः सफाई कामगार ठेवत नाही, कंत्राट देतो, आणि ते तीस दिवसांच्या नोटिशीवर मोडता येते. १९८० नंतर मध्यम आकाराचे नवे कंत्राटदार आले, त्यांनी संघटनेबाहेरचे, सीमेपलीकडून आलेले मजूर घेऊन कमी भावाची बोली लावली. इमारतींच्या मालकांनी कंत्राटे फिरवली. जुन्या कंत्राटदारांनी मग दुसऱ्या नावाने संघटनेबाहेरच्या कंपन्या काढल्या. संघटनेचे पुढारी कचेरीत बसून सवलती देत राहिले, नव्या मजुराची भाषाही त्यांना येत नव्हती. मजुरी ठरवणारा माणूस कोणत्याच टप्प्यावर साल्वादोरहून आलेला नव्हता. तो इमारतीच्या वरच्या मजल्यावर होता आणि या सगळ्या वादात त्याचे नाव कोणी घेतले नाही.

एल साल्वादोरच्या त्या मजुरांपैकी कित्येक जण आपल्या देशात जिवावर उदार होऊन संघटना बांधून आले होते. सफाई कामगारांच्या संघटनेने १९८० च्या दशकाच्या अखेरीस धोरण बदलले आणि त्यांच्यातच काम सुरू केले. कंत्राटदाराला सोडून थेट इमारतीच्या मालकाला रस्त्यावर जाब विचारायचा, ही त्यांची रीत. १५ जून १९९० रोजी सेंच्युरी सिटी भागात संपकऱ्यांच्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. मार खाणाऱ्यांत गरोदर बाई होती. शहराचे महापौर टॉम ब्रॅडली काळे होते, पूर्वी स्वतः पोलीस खात्यात होते; त्यांनीही संताप व्यक्त केला. न्यूयॉर्कमधल्या भगिनी संघटनेने त्याच डॅनिश कंत्राटदार कंपनीला तुमचे तिकडचेही काम बंद पाडू असे बजावले आणि काही दिवसांत करार झाला. फेब्रुवारी २००० मध्ये कामगार महासंघाने १९८६ ची आपली भूमिका चुकली असे मानून कागद नसलेल्यांना कागद द्या अशी मागणी केली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लॉस एंजेलिसच्या सुमारे साडेआठ हजार सफाई कामगारांनी तीन आठवडे संप करून शहराच्या मुख्य भागात तीन वर्षांत मिळून ताशी १ डॉलर ९० सेंटची वाढ घेतली. त्यांतल्या कितीजणांपाशी कागद होते हे संघटनेने विचारले नाही.

त्यामुळे १९८५ पर्यंत गेलेली दोन हजार काळ्या कामगारांची नोकरी परत आली का? नाही. ती माणसे तोवर म्हातारी झाली होती किंवा दुसऱ्या कामाला लागली होती, कित्येक बेकार राहिली. हे मी त्या मित्राला लपवून सांगणार नाही. त्याच इमारतींच्या दरवाज्यांवर उभे राहणारे पहारेकरी मात्र बहुतांशी काळे होते, त्यांना सफाई कामगारांहून कमी पगार मिळे, संघटना नव्हती. २००० नंतर सफाई कामगारांच्या संघटनेने त्यांना हाताशी धरले. रात्री झाडलोट करणाऱ्या साल्वादोरी बाया आणि दिवसा दारावर उभा राहणारा काळा पहारेकरी एकाच इमारतमालकाचे नोकर आहेत, हे सांगायला कार्यकर्ते काळ्यांच्या चर्चमध्ये गेले. २००८ साली पहारेकऱ्यांचा पहिला करार झाला.